डब्याखालून ठिणग्या उडाल्या तर? रेल्वेगाडीच्या पोटाखालचे भाग आग आणि आघातापासून कसे वाचवतात?

२२ जानेवारी २०२५. लखनऊहून मुंबईकडे येणारी पुष्पक एक्सप्रेस संध्याकाळी पाचच्या आत जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ, माहेजी आणि परधाडे या स्थानकांच्या मध्ये थांबली. डब्यात आग लागल्याची ओरड झाली होती आणि कुणीतरी साखळी ओढली होती. घाबरलेले काही प्रवासी खाली उतरले, शेजारच्या रुळावर गेले. त्याच रुळावरून बेंगळुरूहून दिल्लीला निघालेली कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान १२ जणांचा जीव गेला.

डब्यात आग लागलेलीच नव्हती. ती अफवा होती, असं तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. रेल्वे अधिकाऱ्यांनी सुरुवातीला दिलेल्या माहितीत मात्र दोन तांत्रिक शब्द होते: 'हॉट ॲक्सल' किंवा 'ब्रेक बाइंडिंग'. यातल्या एखाद्या कारणाने चाकांपाशी ठिणग्या उडाल्या असाव्यात आणि त्या पाहून घबराट पसरली असावी, असा त्यांचा प्राथमिक अंदाज होता.

हे दोन शब्द एक-दोन दिवस टीव्हीवर फिरले आणि मागे पडले. ज्या ठिणग्यांनी कुणालाही भाजलं नाही, त्या पाहून इतके लोक मेले कसे, हे समजून घ्यायचं तर डब्याच्या खाली वाकून पाहावं लागतं.

डब्याखाली असतं तरी काय?

आधी एका शब्दाचा गोंधळ. आपण मराठीत 'बोगी' म्हणतो तेव्हा अख्खा डबा डोळ्यासमोर असतो. 'आमची बोगी इंजिनापासून पाचवी' वगैरे. रेल्वेच्या इंजिनिअरसाठी मात्र बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची गाडी: एक पोलादी सांगाडा, त्यात दोन ॲक्सल, चार चाकं, स्प्रिंग आणि ब्रेक. एका प्रवासी डब्याखाली अशा दोन बोगी असतात, म्हणजे आठ चाकं. ॲक्सलच्या दोन्ही टोकांना ॲक्सल बॉक्स असतो आणि त्यात बेअरिंग. डब्याचं आणि आतल्या माणसांचं सगळं वजन या बेअरिंगवरून चाकांवर आणि तिथून रुळांवर उतरतं.

दोन बोगींच्या मधल्या जागेत ब्रेकसाठी हवेच्या टाक्या, पाईप, बॅटरी बॉक्स, बायो-टॉयलेटच्या टाक्या लटकवलेल्या असतात. वंदे भारतसारख्या गाडीला वेगळं इंजिनच नाही. त्यामुळे ट्रॅक्शन मोटर, ट्रान्सफॉर्मर, कन्व्हर्टर हा सगळा संसारही ठिकठिकाणच्या डब्यांखालीच मांडलेला असतो. जितकी आधुनिक गाडी, तितकं तिच्या पोटाखाली जपण्यासारखं जास्त.

आणि ही गाडीची सगळ्यात वाईट जागा. खडी उडते ती इथे. गुरं आडवी आली, रुळावर कुणी दगड ठेवला, पावसाळ्यात रुळावर पाणी चढलं, तर पहिला मार इथेच बसतो. ब्रेकची उष्णताही इथेच तयार होते. वर बसलेल्या प्रवाशाला यातलं काहीच दिसत नाही. दिसतात त्या फक्त ठिणग्या, आणि नाकाला येतो तो जळका वास.

ब्रेक बाइंडिंग म्हणजे काय?

रेल्वेचा ब्रेक आपल्या गाडीच्या ब्रेकच्या उलट चालतो. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक पाईप जातो आणि त्यात साधारण ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाची हवा भरलेली असते. हा दाब कायम असेपर्यंत ब्रेक सुटलेले असतात. दाब कमी झाला की ब्रेक लागतात. यामागचा विचार साधा आणि हुशारीचा आहे: पाईप फुटला, डबे सुटून वेगळे झाले, तरी हवा निघून जाईल आणि गाडी आपोआप थांबेल. प्रवाशाने साखळी ओढली की हेच होतं, त्या डब्यातून हवा बाहेर पडते.

अडचण ब्रेक सुटताना येते. एखाद्या डब्याचा व्हॉल्व्ह अडकला, साखळी ओढल्यावर तिथली यंत्रणा नीट पूर्ववत केली गेली नाही, हवेचा दाब पुरेसा परत आला नाही, तर बाकी सगळ्या डब्यांचे ब्रेक सुटतात आणि या एकाचे चिकटलेलेच राहतात. गाडी तर पुढे निघते. मग ब्रेक घासत राहतो. जुन्या आयसीएफ डब्यांत ब्रेकचे ठोकळे थेट चाकावर दाबले जातात, नव्या एलएचबी डब्यांत ॲक्सलवरच्या चकतीवर. दोन्हीकडे परिणाम एकच. धातू तापतो, धूर येतो, जळका वास सुटतो, अंधार असेल तर ठिणग्यांची माळच दिसते.

हा प्रकार दुर्मिळ नाही. यात बहुतेक वेळा डबा पेट घेत नाही. गाडी थांबवायची, त्या डब्याचा ब्रेक हाताने सोडवायचा किंवा वेगळा काढायचा, चाक तपासायचं आणि पुढे निघायचं, ही रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी ठरलेली पद्धत आहे.

पण दुर्लक्ष झालं तर गोष्ट तिथे थांबत नाही. ब्रेक इतका घट्ट बसला की चाक फिरायचंच थांबलं, तर ते रुळावरून घसरत जातं आणि एका जागी झिजून चपटं होतं. नंतर ब्रेक सुटला तरी ते चपटं चाक प्रत्येक फेऱ्यात रुळावर हातोड्यासारखं आदळतं. त्या धक्क्याने रूळ खराब होतो आणि बेअरिंगही. खराब झालेलं बेअरिंग पुन्हा तापतं. आग आणि आघात हे दोन वेगळे धोके वाटतात, पण डब्याखाली ते एकमेकांना जन्म देतात.

हॉट ॲक्सल जास्त धोकादायक का?

बेअरिंगमध्ये रोलर फिरत असतात आणि त्यांच्यात ग्रीस असतं. सील फाटून ग्रीस निघून गेलं, पाणी शिरलं, धक्क्याने रोलरवर ओरखडा पडला, की घर्षण वाढतं. तापमान आधी हळूहळू चढतं आणि नंतर झपाट्याने. शेवटी ॲक्सलचं टोक मऊ पडून तुटू शकतं. असं झालं तर तो डबा रुळावर राहणं जवळपास अशक्य असतं.

हे 'झपाट्याने' म्हणजे किती, याचं सगळ्यात नीट नोंदवलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री ओहायो राज्यातल्या ईस्ट पॅलेस्टाईन गावात एक लांबलचक मालगाडी घसरली. ३८ वाघिणी रुळावरून उतरल्या, त्यातल्या ११ वाघिणींत घातक रसायनं होती. लोकांना घरं सोडावी लागली. तपासात कळलं की एका वाघिणीचं बेअरिंग तापत होतं आणि रुळालगतच्या यंत्रांनी ते मोजलंही होतं. पहिल्या यंत्रापाशी बेअरिंग भोवतालच्या हवेपेक्षा साधारण २१ अंश सेल्सिअसने गरम होतं. सुमारे १६ किलोमीटर पुढच्या यंत्रापाशी ५७ अंशांनी. त्यानंतरचं यंत्र सुमारे ३२ किलोमीटर लांब होतं. तिथे पोचेपर्यंत फरक १४० अंशांवर गेला होता. चालकाला इशारा मिळाला, त्याने ब्रेक लावला, पण उशीर झाला होता.

मधल्या यंत्राचा आकडा कंपनीच्या नियमानुसार गाडी थांबवण्याइतका मोठा नव्हता. त्याच परिसरातल्या एका सुरक्षा कॅमेऱ्यात मात्र वाघिणीखालचा जाळ स्पष्ट दिसत होता. म्हणजे यंत्र होतं, मोजमाप होतं, कॅमेऱ्यात जाळसुद्धा टिपला गेला होता. नव्हतं ते एवढंच की यातलं काही वेळेत चालकापर्यंत पोचावं.

गुरं, खडी आणि बर्फ

आता आघाताकडे. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई-गांधीनगर वंदे भारत सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा अहमदाबादजवळ वटवा भागात तिला म्हशी धडकल्या. पुढचं नाक फुटलेल्या गाडीचे फोटो दिवसभर व्हायरल झाले. दुसऱ्याच दिवशी आणंदजवळ पुन्हा धडक, महिनाअखेरीस वलसाडजवळ अतुल येथे आणखी एक. 'इतकी महागडी गाडी आणि म्हशीने फुटली' असे मीम्स निघाले.

मीम मजेशीर होते, पण नेम चुकलेला होता. ते नाक प्लास्टिक आणि काचतंतूंचं आवरण असतं आणि धडकेचा जोर स्वतःवर घेऊन फुटणं हेच त्याचं काम. महत्त्वाचा प्रश्न वेगळा असतो: जनावर चाकांखाली गेलं का? इंजिनाच्या पुढे खाली जो पोलादी नांगरासारखा भाग दिसतो, तो आडवं आलेलं जनावर बाजूला ढकलण्यासाठी. जनावर खाली गेलं तर हवेचे पाईप तुटू शकतात, बोगीवरचे भाग मोडू शकतात, चाक उचललं जाऊन गाडी घसरूही शकते. पश्चिम रेल्वेने नंतर मुंबई-अहमदाबाद मार्गावर ६०० किलोमीटरहून जास्त लांबीचं धातूच्या पट्ट्यांचं कुंपण उभारायला घेतलं, महामार्गाच्या कडेला असतं तसं. पोटाखालच्या यंत्रणेचं संरक्षण कधीकधी असं गाडीच्या बाहेर, शेताच्या बांधावर करावं लागतं.

खडीचा मार याहून शांत आणि म्हणून जास्त फसवा. वेगाने जाणाऱ्या गाडीखाली हवेचा झोत तयार होतो, त्यात खडीचे तुकडे उडून ॲक्सलवर आदळतात. एक छोटासा ओरखडा पडतो. ॲक्सल फिरताना प्रत्येक फेऱ्यात त्या ओरखड्यावर ताण येतो आणि जातो, लाखो वेळा. त्यातून तडा वाढू शकतो. युरोपात म्हणूनच ॲक्सलवर संरक्षक लेप असतो आणि त्या लेपावर आघाताची वेगळी चाचणी घेतली जाते.

जपानमध्ये हा प्रश्न बर्फाच्या रूपाने आला. टोकियो-ओसाका शिंकानसेन सेकिगाहाराच्या भागातून जाते तेव्हा गाडीखाली बर्फ चिकटतो. पुढे ऊब मिळाली की त्याचा गोळा सुटून खडीवर पडतो, खडी उसळते आणि गाडीच्या खालच्या भागावर, खिडकीवर बसते. उपाय म्हणून तिथे रुळांलगत पाण्याचे फवारे बसवले, म्हणजे बर्फ ओला होऊन उडणारच नाही. आजही जोराचा बर्फ असेल तर त्या भागात गाड्या वेग कमी करतात. गाडीला चिलखत चढवण्यापेक्षा हा उपाय स्वस्त पडला असणार, हे वेगळं सांगायला नको.

मग सगळं झाकूनच का टाकत नाहीत?

हा प्रश्न कुणालाही पडेल. डब्याखाली पत्रा लावा, बोगीला बाजूने पडदे लावा, विषय संपला.

वेगवान गाड्यांत काही प्रमाणात तसं करतातही. नव्या वंदे भारतमध्ये खालची विद्युत यंत्रणा ६५० मिलिमीटरपर्यंत पाणी आलं तरी टिकेल अशी बंदिस्त केली आहे, आधी ही मर्यादा ४०० मिलिमीटर होती. बॅटरी बॉक्स पोलादी असतो आणि डब्याच्या बाहेर लटकतो, तोही विचारपूर्वक. १७ जुलै २०२३ रोजी भोपाळच्या राणी कमलापती स्थानकातून दिल्लीकडे निघालेल्या वंदे भारतच्या सी-१४ डब्याच्या बॅटरी बॉक्सला मध्य प्रदेशात कुरवाई केथोराजवळ आग लागली. गाडी थांबवली, प्रवासी उतरवले, आग विझवली, कुणालाही इजा झाली नाही. पेटलेली वस्तू बाहेर होती आणि मध्ये डब्याचा तळ होता, म्हणून तेवढा वेळ मिळाला. युरोपातल्या ईएन ४५५४५ या मानकातही हाच विचार आहे: खाली लागलेली आग प्रवासी बाहेर पडेपर्यंत वर येऊ नये, आणि केबल, आवरणं जळली तरी विषारी धूर कमीत कमी व्हावा.

पण ब्रेक आणि बेअरिंग यांचं गणित उलटं आहे. त्यांना थंड व्हायला मोकळी हवा लागते. झाकलं तर उष्णता कोंडते, आत तेल आणि कचरा साचतो, म्हणजे जळायला इंधनच. शिवाय झाकलेला भाग तपासता येत नाही. रुळालगतचं तापमापक यंत्र बेअरिंगकडे इन्फ्रारेडने 'बघतं', मध्ये पडदा आला की तेही आंधळं. फलाटावर उभ्या कर्मचाऱ्यालाही काही दिसत नाही. त्यामुळे चाकांजवळच्या भागाचं खरं संरक्षण पत्र्याने होत नाही, नजरेने होतं.

दिसलं, पण गाडी थांबवली कुणी?

३ जून १९९८ रोजी जर्मनीत एशेडेजवळ ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या आयसीई गाडीच्या एका चाकाची बाहेरची पोलादी धाव तुटली. ती धाव सरळ होऊन डब्याचा तळ फोडून आत, आसनांच्या मध्ये आली. एका प्रवाशाने ती डोळ्यांनी पाहिली. तो साखळी ओढण्याऐवजी कर्मचाऱ्याला शोधायला गेला. कर्मचाऱ्याने स्वतः पाहिल्याशिवाय गाडी थांबवली नाही. काही किलोमीटरवर गाडी घसरून पुलाच्या खांबाला धडकली, पूल कोसळला. १०१ माणसं गेली.

११ डिसेंबर २०१७ ची गोष्ट जपानची, आणि तिथे सुदैवाने कुणी दगावलं नाही. हाकाताहून टोकियोला निघालेल्या नोझोमी ३४ मध्ये कर्मचाऱ्यांना जळका वास आणि विचित्र आवाज येत होता. वाटेत ओकायामाला तंत्रज्ञ गाडीत चढले, पुढे शिन-ओसाकाला तपासावं असं त्यांनी सुचवलंही. नियंत्रण कक्षाशी झालेल्या बोलण्यात ते नीट पोचलं नाही. गाडी नागोयापर्यंत धावली. तिथे पाहिलं तर बोगीच्या सांगाड्याला इतका तडा गेला होता की अखंड भाग जेमतेम ३ सेंटिमीटर उरला होता. कारखान्यात तो पोलादी भाग प्रमाणाबाहेर घासून पातळ केला गेला होता.

ओहायो, एशेडे, नोझोमी या तिन्ही ठिकाणी धोका कुणाला ना कुणाला, कशाला ना कशाला जाणवला होता. पाचोऱ्यात उलटं झालं. धोका छोटा होता, तो लगेच दिसला, गाडीही थांबली. आणि थांबल्यानंतर माणसं गेली.

भारतात कोण बघतं?

तुम्ही एक्सप्रेसने प्रवास करत असाल तर हे दृश्य पाहिलं असेल: छोट्या स्थानकातून गाडी न थांबता जाते आणि तिथला कर्मचारी हिरवा झेंडा धरून उभा असतो. तो फक्त निरोप देत नसतो. गाडीखाली काही लोंबकळतंय का, धूर किंवा ठिणग्या आहेत का, हे पाहणं त्याचं काम असतं. काही दिसलं तर लाल झेंडा. मोठ्या स्थानकात गाडी शिरताना कॅरेज अँड वॅगन विभागाचे लोक वाकून चाकांकडे पाहत असतात, चाकांचा आवाज ऐकत असतात. गाडी थांबल्यावर ॲक्सल बॉक्सचं तापमान तपासतात.

जोडीला यंत्रं आली आहेत. काही ठिकाणी रुळालगत तापलेलं बेअरिंग ओळखणारी यंत्रं आहेत, चपट्या चाकाचा धक्का मोजणारी आहेत, बेअरिंगच्या आवाजावरून बिघाड ओळखणारीही आहेत. जुलै २०२५ मध्ये रेल्वेने मालवाहतूक कॉरिडॉर चालवणाऱ्या डीएफसीसीआयएल या कंपनीबरोबर कॅमेऱ्यांच्या तपासणी यंत्रणेसाठी करार केला. धावत्या गाडीच्या पोटाचे फोटो काढायचे आणि लोंबकळणारा, सैल झालेला, गायब असलेला भाग संगणकाने ओळखायचा, अशी ती कल्पना. सुरुवात फक्त चार यंत्रांनी होणार आहे. भारतीय रेल्वेचा पसारा पाहता चार हा आकडा प्रयोगापुरताच म्हणावा लागेल, आणि ओहायोचा धडा तर यंत्रांमधल्या अंतराचाच होता.

यातलं काहीही डब्यात बसलेल्या माणसाशी बोलत नाही, ही मात्र मोठी उणीव आहे. वंदे भारतमध्ये प्रवासी बटण दाबून चालकाशी बोलू शकतो, डब्यात घोषणा होऊ शकते. साध्या मेल-एक्सप्रेसच्या बहुतेक डब्यांत, विशेषतः जनरलच्या गर्दीत, 'ब्रेक घासतोय, आग नाही, आत बसा' हे एक वाक्य सांगायची सोय नाही. मग ती जागा अफवा भरून काढते.

ठिणग्या दिसल्या तर काय करायचं?

डब्याच्या आत ज्वाळा किंवा दाट धूर असेल तर साखळी ओढायचीच. योग्य कारण असेल तर तो गुन्हा नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४१ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा आहे, ती विनाकारण ओढणाऱ्यासाठी. मात्र धावती गाडी पुलावर किंवा बोगद्यात असेल आणि आग आपल्या डब्यात नसेल, तर ती पार होऊ देणं बरं.

फक्त चाकांपाशी ठिणग्या किंवा जळका वास असेल तर टीसी, गाडीतला कर्मचारी, आरपीएफ जवान यांना सांगायचं किंवा १३९ वर फोन करायचा. आग आपल्याच डब्यात नसेल, तर शेजारच्या डब्यात जाण्याची वाट बहुतेक गाड्यांत असते.

उतरण्याची वेळ आलीच तर आधी दोन्ही दारांतून बाहेर बघायचं. ज्या बाजूला दुसरा रूळ नाही त्या बाजूने उतरायचं. दोन्हीकडे रूळ असतील तर ते ओलांडून लांब जायचं, रुळावर किंवा दोन रुळांच्या मध्ये उभं राहायचं नाही. अशा वेळी इंजिनावरचा फ्लॅशर दिवा लावून समोरून येणाऱ्या गाडीला इशारा देण्याचा नियम आहे. पाचोऱ्यातही तो इशारा मिळून कर्नाटक एक्सप्रेसच्या चालकाने ब्रेक लावला होता, पण वळणामुळे समोरचं उशिरा दिसलं, असं रेल्वे अधिकाऱ्यांनी त्यावेळी सांगितलं होतं. ताशी १०० किलोमीटरच्या पुढे धावणारी गाडी आपत्कालीन ब्रेक लावूनही थांबायला साधारण एक किलोमीटर घेते.